वेंगेनमधलं घर, आईचे गुडघे आणि नकाशावरच्या रेषा

"स्टेशनपासून फक्त ४०० मीटर" असं स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन गावातल्या ज्या फ्लॅटच्या जाहिरातीत लिहिलं होतं तो मी जवळजवळ बुकच केला होता. बाल्कनीतून समोर युंगफ्राउचं शिखर, दोन बेडरूम, लाकडी छत, खिडकीखाली लाल फुलांच्या कुंड्या, भाडं आमच्या आवाक्यातलं आणि आम्हाला हवा तो आठवडा मोकळा. कार्ड काढून टेबलावर ठेवलेलं होतं. आई मागे उभी राहून फोटो बघत होती, ती म्हणाली, "छान आहे गं, पण चढ नाही ना?" आणि मला खरंच माहीत नव्हतं, कारण फोटोत फक्त घर होतं, घरापर्यंतचा रस्ता कुठेच नव्हता.

आईला ६९ वं चालू आहे. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, चढही हळूहळू जमतो, पण उतार लागला की गुडघे बोलायला लागतात आणि ती माझा दंड घट्ट धरते. स्कीइंग शिकायचं होतं मला, नवऱ्याला आणि नऊ वर्षांच्या लेकीला. आईला स्की करायचं नव्हतं, तिला बर्फात राहायचं होतं, म्हणजे बसमधून उतरून फोटो काढून परत असं नाही, सकाळी उठल्यावर दाराबाहेर बर्फ, दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसायचं आणि चहा आपल्या हाताने करायचा. त्यामुळे हॉटेल नको, किचन असलेलं घरच हवं हे ठरलं होतं. आणि आम्ही तिघं दिवसभर डोंगरावर असणार, घरात आणि गावात सगळ्यात जास्त वेळ तीच असणार, मग घर तिच्या सोयीचं आधी, आमच्या सोयीचं नंतर, एवढा एक नियम आम्ही पहिल्याच दिवशी करून टाकला. पुढचे सगळे निर्णय त्यामुळे सोपे झाले असं नाही, पण भांडणं कमी झाली हे खरं.

गाव कुठलं यावरच दोन आठवडे गेले. स्वित्झर्लंडच्या त्या एकाच खोऱ्यात तीन गावं डोळ्यासमोर होती, लाउटरब्रुनेन, म्युरेन आणि वेंगेन. लाउटरब्रुनेन ७९५ मीटरवर, दरीच्या तळाशी, सपाट, गाडी घरापर्यंत जाते आणि भाडीही तिथे त्यातल्या त्यात कमी दिसली. पण दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच सरळसोट कडे असल्यामुळे हिवाळ्यात तिथे ऊन फार कमी वेळ टिकतं, आणि उन्हासाठी आसुसलेल्या माणसाला आठवडाभर सावलीत ठेवायचं हे मला पटेना. म्युरेनवर नवऱ्याचा जीव होता. आजच्या धर्तीची पहिली स्लालम, म्हणजे काठ्यांमधून नागमोडी उतरायची शर्यत १९२२ मध्ये ब्रिटिश स्कीपटू आर्नल्ड लन यांनी तिथेच लावली होती, अल्पाइन स्कीइंगची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिपही १९३१ मध्ये तिथलीच, हे सगळं त्याने वाचून काढलेलं. गाव १६३८ मीटरवर असल्यामुळे बर्फाची खात्रीही जास्त. पण लाउटरब्रुनेनहून तिथे जायचं तर आधी केबल कार, मग वर ग्रुट्शआल्पला उतरून छोटी ट्रेन, म्हणजे प्रत्येक ठिकाणी बॅगा, लेक आणि आई. शिवाय तिथले उतार नवशिक्यांपेक्षा जमणाऱ्यांना जास्त आवडतील असे आहेत, आणि आमच्यात जमणारं कोणीच नव्हतं.

वेंगेन १२७४ मीटरवर, उन्हाच्या बाजूच्या पठारावर. गावात बाहेरच्या गाड्या येत नाहीत, गाडी लाउटरब्रुनेनच्या पार्किंगमध्ये सोडायची आणि दातेरी रुळावरच्या ट्रेनने पंधरा मिनिटांत वर. ही वेंगर्नआल्पची गाडी १८९३ पासून चालू आहे आणि तीच पुढे २०६१ मीटरवरच्या क्लाइने शायडेगला जाते. माझ्यासाठी वेंगेन पक्कं झालं ते ह्या ट्रेनमुळे. स्की करणारे लोक तिथे ट्रेनचाच लिफ्टसारखा वापर करतात, स्की पासात, म्हणजे लिफ्टच्या तिकिटात, ती धरलेली असते. शंभर वर्षांपूर्वी तिथे येणाऱ्या ब्रिटिश मंडळींनी तर ट्रेनने वर जायचं आणि फक्त खाली घसरायचं म्हणून १९२५ साली क्लबच काढला, नाव डाउनहिल ओन्ली. चेअरलिफ्टवर धावत्या खुर्चीत बसणं आणि वर पटकन उतरून बाजूला होणं आईला जमणार नाही, पण ट्रेनमध्ये ती कुठेही बसेल. म्हणजे दुपारी ती एकटी गाडीत बसून वर येईल आणि आम्ही चौघं बर्फात एकत्र जेवू. ही कल्पना मी तिला सांगितली तेव्हा तिने वेळापत्रक मागून घेतलं आणि आपल्या वहीत गाड्या उतरवून घेतल्या, अजून घराचा पत्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

तारखांचं प्रकरण वेगळंच निघालं. सुरुवातीला आम्ही जानेवारीचा मध्य धरला होता, कारण नाताळ आणि नवीन वर्ष संपलं की भाडी उतरतात असं सगळीकडे दिसत होतं. बाकी आठवड्यांत दहा-बारा घरं मोकळी आणि नेमक्या त्या आठवड्यात एक नाही, म्हणजे उरलंय तेही अशा भावाला की बघवत नाही. लाउबरहॉर्नची शर्यत! जानेवारीच्या मध्यात स्कीइंगच्या वर्ल्ड कपची ही डाउनहिल, म्हणजे वेगाने थेट खाली उतरायची शर्यत तिथे होते, १९३० पासूनची परंपरा, जवळजवळ साडेचार किलोमीटरचा ट्रॅक, वर्ल्ड कपमधला सगळ्यात लांब, हजार मीटरहून जास्त उतार आणि स्कीअर तो अडीच मिनिटांत संपवतात. एवढ्याशा गावात टीम, टीव्हीवाले, हजारो प्रेक्षक, घर कुठून मिळणार. फेब्रुवारी बघितला तर स्वित्झर्लंडच्या वेगवेगळ्या कँटनच्या, म्हणजे राज्यांच्या, शाळांना तेव्हा स्कीच्या सुट्ट्या असतात, त्यात ब्रिटनच्या शाळांचीही हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, भाडी परत नाताळाच्या जवळ. मग मार्चचा मध्य घेतला. दिवस मोठा, ऊन उबदार, आईला बाहेर बसता येईल. वाईट बाजू एवढीच की गावाच्या उंचीवर दुपारी बर्फ मऊ होऊन पाणी सुटायला लागतं आणि रात्री तेच गोठून काच होतं. पण वर शायडेगला जवळजवळ ८०० मीटर उंची जास्त, दर शंभर मीटरला साधारण अर्ध्या-पाऊण अंशाने गार होत जातं, म्हणजे चार ते सहा अंशांचा फरक, तेवढा आम्हाला पुरे होता. आणि खालपर्यंतचा उतार खराब झालाच तर ट्रेनने घरी यायचं, ही सोय सगळ्या स्की गावांत नसते.

आणि हो, शनिवार ते शनिवार. तिथली बहुतेक घरं सीझनमध्ये अशीच मिळतात, बुधवारी जाऊन सोमवारी येऊ असं चालत नाही. आमचं विमान शुक्रवारचं स्वस्त पडत होतं म्हणून एक रात्र खाली इंटरलाकेनला काढायची ठरवली, त्याने आईला आराम मिळाला हे एक बरंच झालं.

आता तो चढ. आईने विचारल्यावर मी कार्ड परत पाकिटात ठेवलं आणि स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशाची साइट उघडली, स्विसटोपोची, ती फुकट आहे आणि मला वाटतं डोंगरात घर घेणाऱ्या प्रत्येकाने ती आधी उघडायला हवी. नेहमीच्या मॅपवर अंतर कळतं, पण चढ नीट कळत नाही. ह्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात, १:२५,००० च्या नकाशात आल्प्समध्ये दर २० मीटरला एक, आणि कुठल्याही जागेवर राइट क्लिक केलं की त्या जागेची उंची मीटरमध्ये येते. स्टेशनवर क्लिक केलं, १२७४. त्या फुलांच्या कुंड्यांच्या घरावर क्लिक केलं, १३१८. म्हणजे ४४ मीटर. एक मजला तीन मीटरचा धरला तर चौदा-पंधरा मजल्यांची बिल्डिंग जिन्याने चढायची, रोज, बर्फात, आणि आईला त्रास होतो तो उतार रोज सकाळी घराबाहेर पडल्या पडल्या समोर. जाहिरातीत खोटं काहीच नव्हतं, ४०० मीटर म्हणजे ४०० मीटरच होते. पण ४०० मीटरला ४४ मीटर म्हणजे अकरा टक्के चढ. मी तो आकडा कागदावर लिहिला आणि बराच वेळ बघत बसले, कारण घर मला फार आवडलं होतं.

त्यानंतर मी घराचे फोटो बघणंच बंद केलं. आधी नकाशा, मग घर. वहीत दोन रकाने केले, एकात अंतर, एकात उंचीतला फरक, आणि अठरा घरं अशी मोजली. काही ठिकाणी जाहिरातीत नेमका पत्ता नव्हता, नुसता गोल होता, तिथे बाल्कनीतून दिसणारं चर्च आणि रेल्वे लाइन कुठल्या कोनातून दिसतेय त्यावरून मी आणि लेक मिळून घर शोधायचो, तिला हा खेळ फार आवडला. दीडशे मीटरवरचं एक घर होतं, चढ २५ मीटरचा. आणि साडेचारशे मीटरवरचं एक, जे लांब म्हणून मी आधी बघितलंही नव्हतं, त्याची उंची १२८३. नऊ मीटर. दोन टक्के. नकाशावर त्या रस्त्याला एकच रेष आडवी जात होती, बाकी रस्ता रेषेच्या बाजूबाजूने गेलेला. ते घर दिसायला साधं होतं, लाकडी छत नाही, युंगफ्राउ अर्धीच दिसते, सोफा तपकिरी. मी नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्याचं उत्तर आलं, "हेच."

पण मालकीणबाईंना मेल करायच्या आधी जाहिरात शब्दन् शब्द वाचली. साडेतीन खोल्या लिहिलं होतं. आधी मला वाटलं अर्धी खोली म्हणजे स्टोअररूम वगैरे. तिथल्या हिशोबात किचन आणि बाथरूम खोल्यांत धरत नाहीत, हॉल धरतात, आणि अर्धी म्हणजे सहसा जेवायच्या टेबलाची मोकळी जागा. म्हणजे साडेतीन खोल्या म्हणजे दोन बेडरूम आणि हॉल. आणि "सहा जणांसाठी" मधले दोन जण बहुतेक वेळा हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. आम्ही चौघं, आम्हाला चाललं असतं. दुसरी गोष्ट, डोंगरउतारावरच्या घरात पहिला मजला म्हणजे नक्की काय ते बाहेरून कळत नाही, एका बाजूने तळमजला आणि दुसऱ्या बाजूने दुसरा मजला असं असू शकतं. म्हणून मजला कितवा हे मी विचारलंच नाही. असं विचारलं की रस्ता सोडल्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या, वर किंवा खाली, आणि कठडा कुठल्या हाताला आहे.

ती मेल मी तीनदा लिहून तीनदा खोडली, वाटत होतं फार चौकशा करतेय. शेवटी सरळ लिहिलं की माझी आई ६९ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात, तिला पहिल्यांदा बर्फात राहायचंय, म्हणून विचारतेय. आणि प्रश्न पाठवले. पायऱ्या किती, रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं, बाथरूममध्ये टब आहे की नुसता शॉवर. टबचं माझ्या लक्षातच आलं नसतं, आईनेच फोटोत दाखवलं होतं दुसऱ्या एका घराच्या, की बघ, अंघोळीला जायचं तर गुडघ्याएवढी भिंत ओलांडायची, ओल्या पायाने. चढ-उतार मोजताना घरातला चढ मी विसरलेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. पायऱ्या आठ, कठडा उजवीकडे. रस्ता गावाचा आहे, रोज सकाळी साफ होतो आणि त्यावर बारीक खडी टाकतात, घराच्या पायऱ्यांवरचा बर्फ शेजारचे काढतात. शॉवर जमिनीच्या पातळीला, आत बसायला स्टूल ठेवून देईन. आणि सोबत दोन फोटो, खास त्या दिवशी मोबाइलवर काढलेले. एकात तो रस्ता, दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ आणि मधून करड्या खडीचा पट्टा. दुसऱ्यात त्या आठ पायऱ्या, बर्फ झाडलेल्या, वरच्या पायरीवर झाडू टेकवून ठेवलेला. जाहिरातीतले सगळे फोटो उन्हाळ्यातले होते, हिरवळ, फुलं, छत्री. हिवाळ्यातलं ते घर मी पहिल्यांदा त्या दोन फोटोंत बघितलं आणि मला ते खूप आवडलं. डोंगरातलं घर हिवाळ्यासाठी घेत असाल तर हिवाळ्यातला फोटो मागून घ्या, कोणी वाईट मानत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. दिसतं ते भाडं आणि शेवटी द्यायची रक्कम ह्यात आमच्या बाबतीत जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा फरक पडला. शेवटची साफसफाई वेगळी, चादरी-टॉवेल वेगळे, आणि कूरटाक्से म्हणजे पाहुण्यांवरचा गावाचा कर, तो माणशी दर रात्रीचा. त्यात लेकीला किती लागेल ते विचारून घ्यायचं, मुलांचा दर वेगळा असतो. डिपॉझिट परत मिळणारं. आगाऊ रक्कम दिल्यावर बर्फ पडला नाही तर पैसे परत का, असं मी विचारलं नाही, तसं कुठेच नसतं. त्याऐवजी विमा नीट घेतला, प्रवासाच्या साध्या पॉलिसीत स्कीइंग बऱ्याचदा धरलेलं नसतं, ते वेगळं टाकून घ्यावं लागतं, आणि उतारावरून जखमी माणसाला खाली आणायचा खर्च त्यात आहे का ते वाचून घेतलं. तिथल्या हवाई बचाव सेवेचा नंबर १४१४, तो आईच्या फोनमध्येही घालून ठेवला. युंगफ्राउयोखला, म्हणजे युंगफ्राउजवळच्या खिंडीतल्या रेल्वे स्टेशनला, जायचं का ह्यावर घरात चर्चा झाली, ते ३४५४ मीटरवर आहे, आईला बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांना विचारलं, त्यांनी घाई करू नका म्हटलं, मग शायडेगपर्यंतच जायचं ठरलं आणि आईला त्यात काही कमी वाटलं नाही.

स्कीचं सामान आधीच भाड्याने बुक केलं आणि त्यासाठी एक संध्याकाळ आम्ही पाय मोजण्यात घालवली. स्की बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, अंगठ्यापाशी पेन्सिलने रेघ मारायची आणि मोजपट्टी लावायची. लेक २१, मी २४, नवरा साडेसत्तावीस. फॉर्ममध्ये वजन, उंची, वय, आधी स्की केलंय का, सगळं विचारतात आणि ते अगदी खरं लिहायला हवं, कारण पडल्यावर बूट स्कीमधून किती जोराला सुटायचा ते ठरवणारं बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायची पकड, ह्या आकड्यांवरून लावतात. सुटायला हवा तेव्हा सुटला नाही तर गुडघा जातो. घरात दुखऱ्या गुडघ्यांची माणसं बघितलेली असली की हे वाक्य वेगळं लागतं. पहिल्या दिवसापासून मोठा पास घेतला नाही, गावाच्या मधोमधच नवशिक्यांचा उतार आहे, दोन दिवस तिथेच स्की स्कूलबरोबर काढायचे आणि मग वरचे निळे रस्ते. तिथे निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. पायी चालणाऱ्यांच्या हिवाळी वाटा वेगळ्या असतात आणि त्यांच्या पाट्या गडद गुलाबी रंगाच्या, हे आईला सांगून ठेवलं, तिने तेही वहीत लिहिलं.

शेवटच्या पंधरा दिवसांत मी रोज वेबकॅम बघायचे. एक आठवडा फ्योन नावाचा दक्षिणेकडचा गरम वारा सुटला आणि गावातली छपरं उघडी पडली, माझा जीव खालीवर. मग सलग दोन दिवस बर्फ पडला, इतका की हिमस्खलनाचा इशारा वाढला. दावोसच्या बर्फसंशोधन संस्थेचं बुलेटिन रोज येतं, एक ते पाच अशी पातळी असते. स्कीसाठी आखून दिलेल्या उतारांच्या बाहेर आम्ही जाणारच नव्हतो, तरी नवऱ्याने ती पातळी रोज जेवताना सांगायची सवय लावून घेतली.

शनिवारी चारच्या सुमाराला वेंगेन स्टेशनवर उतरलो. बॅगा नेणारी विजेवरची छोटी गाडी मालकीणबाईंनी सांगून ठेवली होती, बॅगा तिच्यात गेल्या आणि आईही बसू शकली असती, पण ती म्हणाली, "मी चालणार, एवढा रस्ता शोधलायस तर." काठीच्या टोकाला खिळा लावून घेतला होता आणि बुटांवर काटे. पायाखाली खडी करकरत होती. तिने आधी माझा दंड धरला, पहिल्या वळणाच्या पुढे सोडला. नकाशात दिसत नाही असं एक बाकडं त्या वळणावर होतं, वरचा बर्फ कोणीतरी पुसून ठेवलेला, तिथे ती बसली. दमली म्हणून नाही. समोर सगळी युंगफ्राउ उघडी होती आणि बाल्कनीतून दिसणार नव्हती ती अर्धी बाजूसुद्धा इथून दिसत होती. पाच-सात मिनिटं कोणी काही बोललं नाही.

मग लेक पुढे पळाली आणि घराच्या पायऱ्या मोठ्याने मोजायला लागली. आठच होत्या, कठडा उजव्या हाताला होता, आणि झाडू अजून वरच्या पायरीवर टेकवलेलाच होता.